एफएमवर खणखणीत, डीएमआरवर तुटक: कमर्शियल सेटच्या रिपीटरमध्ये पुन्हा पुन्हा चढणारा बीईआर

तक्रार साधारण अशी असते. दोन जुने कमर्शियल सेट जोडून केलेला रिपीटर (ऐकलेला सिग्नल पुन्हा पाठवणारं स्टेशन): एक सेट रिसीव्हला आणि एक ट्रान्समिटला. मध्ये एमएमडीव्हीएम बोर्ड (डिजिटल सिग्नल घडवणारं आणि वाचणारं मोडेम) आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. ॲनालॉगवर लावला की आवाज खणखणीत. डीएमआर या डिजिटल पद्धतीवर घेतला की शब्द तुटतात, मध्येच रोबोट बोलल्यासारखं होतं, कधी हँडसेट नुसता ‘बोंक’ करून गप्प बसतो. मग कोणीतरी लेव्हल थोडी वर-खाली करतो, काही दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दोष परत येतो, कारण लेव्हल हलवून तो फक्त झाकला जातो. लेव्हलला हात सगळ्यात आधी जातो, कारण ती हाताशी असते. खरं तर ते जवळजवळ शेवटचं काम आहे. आधी सिग्नलचा रस्ता सरळ हवा. रस्ता वाकडा असेल तर कुठल्याही लेव्हलला बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) शून्यावर येत नाही. जरा कमी वाकडी अशी एक जागा सापडते, एवढंच. हवा तापली, सेट तापला की तीही सुटते.

कमर्शियल सेट माणसाच्या आवाजासाठी बांधलेला असतो. ३०० ते ३००० हर्ट्झच्या बाहेरचं तो फारसं जाऊ देत नाही. ट्रान्समिटला प्रीएम्फसिस (वरच्या फ्रिक्वेन्सी उचलणं), रिसीव्हला डीएम्फसिस (त्या परत खाली आणणं), मध्ये डेव्हिएशन (कॅरियर किती सरकतो ते) आवरणारा लिमिटर, त्यामागे स्प्लॅटर फिल्टर. कानाला यातलं काहीच खटकत नाही, म्हणून ‘एफएमवर उत्तम चालतोय’ या वाक्याला डिजिटलच्या निदानात काडीची किंमत नाही. डीएमआरमध्ये सेकंदाला ४८०० सिम्बॉल जातात. प्रत्येक सिम्बॉल चारांपैकी एका पातळीवर असतो: कॅरियरच्या वर किंवा खाली ६४८ हर्ट्झ, नाहीतर १९४४ हर्ट्झ. या चार पातळ्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून जवळजवळ शून्य हर्ट्झपासून २८८० हर्ट्झपर्यंत सपाट आणि फेज न बिघडवणारा रस्ता लागतो. आवाजाच्या रस्त्याची दोन्ही टोकं यात कापली जातात.

आधी बाजू ठरवा

दोष रिसीव्हला आहे की ट्रान्समिटला, हे कळेपर्यंत स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. डीएमआरमध्ये इथेच सगळ्यात जास्त दिशाभूल होते. रिपीटर मोडमधला हँडसेट पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्याबरोबर बोलणं पाठवत नाही. आधी तो रिपीटरला उठवणारा छोटा संदेश पाठवतो, मग रिपीटरचा डाउनलिंक (रिपीटरकडून येणारा सिग्नल) ऐकतो, त्यात सिंक (ओळखीचा ठरलेला नमुना) सापडला तरच पुढे आवाज सोडतो. म्हणजे रिपीटरचा ट्रान्समिट खराब असला तरी बाहेरून दिसताना ‘रिपीटर माझं ऐकतच नाही’ असंच दिसतं. लोक मग रिसीव्हर उघडून बसतात.

यावर लॉग पाहणं हा सोपा उपाय आहे. एकाच स्टेशनकडून ‘डाउनलिंक ॲक्टिव्हेट’ आल्याच्या ओळी लागोपाठ दिसत असतील आणि त्यांच्यामागे व्हॉइस हेडर येतच नसेल, तर रिसीव्ह बऱ्यापैकी शाबूत आहे. तो संदेश डीकोड झाला म्हणजे पोलॅरिटी (सिग्नलची वर-खाली दिशा) बरोबर आहे आणि कलर कोडही (रिपीटरचा ओळख-क्रमांक) जुळतोय. तुमचा आजार ट्रान्समिटमध्ये आहे. याउलट लॉगमध्ये काहीच उमटत नसेल तर रिसीव्हपासून सुरुवात करा. व्हॉइस हेडर येतो, बोलणं पूर्ण होतं, पण शेवटच्या ओळीत बीईआर तीन-चार टक्के दिसतो, तेव्हाही रिसीव्हच बघायचं.

रिसीव्ह एकटं पाडून तपासायचं असेल तर एमएमडीव्हीएमहोस्ट (रिपीटर चालवणारा प्रोग्राम) बंद करून एमएमडीव्हीएमकॅल (जुळवणीचा प्रोग्राम) चालवा आणि डीएमआर सिम्प्लेक्सचा बीईआर टेस्ट मोड लावा. हँडसेट सिम्प्लेक्समध्ये, रिपीटरच्या इनपुट फ्रिक्वेन्सीवर. आता ट्रान्समीटर पूर्ण बंद आहे, डाउनलिंकची अट नाही, डुप्लेक्सरचा (एकाच अँटेनावर ट्रान्समिट आणि रिसीव्ह वेगळे ठेवणाऱ्या फिल्टरचा) संबंध नाही. जो आकडा दिसतो तो फक्त अँटेना ते एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) एवढ्या रस्त्याचा.

आकडा कसा वाचायचा? डीएमआर सेटची संवेदनशीलता ५ टक्के बीईआरला मोजायची पद्धत आहे, त्यामुळे दुबळ्या सिग्नलवर दोन-तीन टक्के दिसले तर त्यात गैर काही नाही. प्रश्न जोरदार सिग्नलचा आहे. हँडसेट जवळ आणून, सिग्नल भरपूर असतानाही आकडा दीड-दोन टक्क्यांच्या खाली उतरत नसेल, तर तो नॉइजमुळे नाही, विकृतीमुळे आहे. सिग्नल आणखी वाढवून तो कमी होणार नाही. निरोगी रिसीव्हर भरपूर सिग्नलवर ०.० ते ०.३ टक्क्यांत बसतो. अँटेना बदलावी की सोल्डरिंग आयर्न तापवावं, हे या एका निरीक्षणावर ठरतं.

रिसीव्हचा रस्ता

ऑडिओ कुठून घेतलाय ते पहिल्यांदा बघा. स्पीकरवरून किंवा व्हॉल्यूमच्या मागून घेतला असेल तर पुढचं काही वाचू नका, तार बदला. डिस्क्रिमिनेटरचा (एफएममधून ऑडिओ काढणाऱ्या भागाचा) थेट आउटपुट हवा: डीएम्फसिसच्या आधीचा आणि स्क्वेल्चने (सिग्नल नसताना ऑडिओ बंद करणाऱ्या सर्किटने) न कापलेला. बऱ्याच कमर्शियल सेटना मागच्या ॲक्सेसरी कनेक्टरवर तो मिळतो, पण आपोआप नाही. मोटोरोलाच्या जीएम३००मध्ये १६ पिनांच्या कनेक्टरची ११वी पिन रिसीव्ह ऑडिओची, पण ती सपाट आहे की डीएम्फसिस लावलेली, हे आत जेयू५५१ नावाचा जंपर ठरवतो. नंतरच्या सेटमध्ये हेच काम प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमधून होतं. टेटच्या टीएम८००० मालिकेत तर ऑडिओ साखळीत नेमका कुठे टॅप घ्यायचा, तेही सॉफ्टवेअरमधूनच निवडायचं असतं. आणि इथेच दोष ‘परत येण्याचं’ एक साधं कारण दडलेलं असतं. कोणीतरी फ्रिक्वेन्सी बदलायला म्हणून जुना कोडप्लग (सेटची सेटिंग फाइल) लिहितो आणि त्यासोबत सपाट ऑडिओचं सेटिंग पुसलं जातं. चालू असलेल्या रिपीटरचा कोडप्लग वाचून, तारीख घालून जपून ठेवा.

स्क्वेल्च का नको? डीएमआर हँडसेट ६० मिलिसेकंदांच्या चक्रात फक्त एका स्लॉटपुरता (वेळेच्या दोन वाट्यांपैकी एकापुरता) बोलतो आणि त्याचा बर्स्ट असतो जेमतेम २७.५ मिलिसेकंदांचा. नॉइज पाहून उघडणाऱ्या स्क्वेल्चला उघडायलाच बराच वेळ लागतो. बर्स्टचं डोकं कापलं गेलं की उरलेला बर्स्ट चांगला असून उपयोग नाही.

कनेक्टरवर सपाट आउटपुटच नसेल तर डिटेक्टर आयसीपर्यंत जायचं. एमसी३३६१ किंवा टीए३११३६ असेल तर ९वी पिन. पिनेवर ४५५ किलोहर्ट्झचा थोडा अंश उरलेला असतो, तो काढायला छोटा आरसी पुरतो. पण तो आरसी फार मोठा केला तर वरचं टोक पुन्हा कापलं जाईल. कॉर्नर (जिथून फ्रिक्वेन्सी कापल्या जाऊ लागतात ती जागा) १० किलोहर्ट्झच्या बराच वर ठेवा.

आता कपॅसिटर. डिस्क्रिमिनेटर आणि बोर्ड यांच्यामध्ये डीसी अडवायला एक कपॅसिटर असतो आणि जुन्या सेटमध्ये तो बहुधा आवाजाच्या हिशेबाने निवडलेला असतो. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोओहमच्या इनपुटला जोडला तर कॉर्नर येतो १५९ हर्ट्झवर. आवाजासाठी झकास, डीएमआरसाठी विष. तिथे १० मायक्रोफॅरड टाकला की कॉर्नर १.६ हर्ट्झवर उतरतो. दुसऱ्या स्लॉटच्या वेळात नुसता नॉइज असतो आणि मग बर्स्ट येतो. हँडसेट फ्रिक्वेन्सीने जरा सरकलेला असेल तर त्या क्षणी डिस्क्रिमिनेटरची डीसी पातळी उडी मारते. छोटा कपॅसिटर ती उडी पुढच्या काही सिम्बॉलांत गिळतो, तेवढ्यात चारही पातळ्या वर-खाली वाहून जातात. ‘एका हँडसेटचं नीट येतं, दुसऱ्याचं तुटतं’ ही तक्रार बऱ्याचदा इथली असते, आणि दोष हँडसेटच्या माथी मारला जातो.

आयएफ फिल्टरबद्दल (रिसीव्हरमधल्या, चॅनल निवडणाऱ्या फिल्टरबद्दल) मतं फार ऐकायला मिळतात. सिरॅमिक फिल्टरवरचं शेवटचं अक्षर बघा: एफ म्हणजे अधिक-उणे ६ किलोहर्ट्झ, जी ४.५, एच ३. डीएमआरचा सिग्नल साडेसात किलोहर्ट्झच्या आसपास जागा घेतो. एच फिल्टर कागदावरच अपुरा आहे, आणि त्याच्या कडांवरचा ग्रुप डिले (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना होणारा असमान उशीर) आतल्या सिग्नललाही पिळतो. सेटमध्ये रुंद आणि अरुंद असे दोन्ही फिल्टर असतील तर चॅनल २५ किलोहर्ट्झवर प्रोग्राम करून बीईआर पुन्हा मोजा. बहुतेक वेळा आकडा लगेच पडतो. शेजारच्या चॅनलवर कोणी जोरात असेल तर त्याची किंमत मोजावी लागेल, पण आपल्या बँडवर रिपीटरच्या इनपुटशेजारी एवढी गर्दी क्वचितच असते.

हे सगळं झाल्यावर लेव्हल. रिकाम्या चॅनलवर डिस्क्रिमिनेटरचा नॉइज प्रत्यक्ष सिग्नलपेक्षा मोठा असतो, हे विसरलं की एडीसी ठोकर खातो आणि लॉगमध्ये एडीसी ओव्हरफ्लोची ओळ येत राहते. सॉफ्टवेअरमधली आरएक्सलेव्हल ५० वर ठेवा आणि बोर्डवरचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा नॉब) हळूहळू फिरवत बीईआर बघा. रस्ता सरळ असेल तर प्रीसेटच्या चांगल्या मोठ्या पट्ट्यात आकडा शून्याजवळ राहतो. सुईच्या टोकाएवढ्याच जागेवर बरा येत असेल, तर लेव्हल सोडा आणि वरच्या परिच्छेदांकडे परत जा.

ट्रान्समिट: खरी मेख इथे

रिसीव्हचा दोष आकड्यात तरी दिसतो. ट्रान्समिटचा आकडा तुमच्याकडे नसतो, ऐकणाऱ्याकडे असतो. म्हणून इथे तासन्‌तास अंधारात हात मारणारे लोक दिसतात.

सुरुवात कोडप्लगपासून. जुन्या चॅनलवर सीटीसीएसएस टोन (आवाजाखालून जाणारा ओळखीचा टोन) राहून गेलाय का? डिजिटल सिग्नलखाली ऐंशी-शंभर हर्ट्झचा टोन वाहत असेल तर चारही पातळ्या त्याच्या तालावर डोलतात. कम्पँडर, स्क्रॅम्बलर, व्हॉक्स बंद. टाइमआउट टायमर बंद किंवा भरपूर लांब. बोलणारा ठरावीक वेळानंतर दरवेळी कापला जात असेल तर कारण हेच, बाकी शोधाशोध नको. शिवाय ॲक्सेसरी कनेक्टरवरून पीटीटी दिला की काही सेट मायक्रोफोनचा रस्ताही उघडतात. तसं असेल तर खोलीतला पंख्याचा आवाज तुमच्या डेटावर चढतो. पीटीटीचं काम डेटा पीटीटी असं प्रोग्राम करा, निदान माइक तरी काढून ठेवा.

मग इनपुटची जागा. मायक्रोफोनची पिन नको. प्रीएम्फसिस, लिमिटर आणि स्प्लॅटर फिल्टर तिन्हींच्या नंतरची सपाट जागा हवी. जीएम३००मध्ये ती ५वी पिन.

एवढं करूनही बीईआर हटत नसेल, तर बहुतेक वेळा दोष मॉड्युलेटरमध्ये असतो. सिंथेसायझरच्या सेटमध्ये पीएलएलचं (फ्रिक्वेन्सी लॉक करणाऱ्या सर्किटचं) कामच मुळी व्हीसीओला (फ्रिक्वेन्सी घडवणाऱ्या ऑसिलेटरला) जागेवर ओढून धरणं. तुम्ही व्हीसीओला हळू हळू हलवायला गेलात की पीएलएलला ती चूक वाटते आणि तो ती दुरुस्त करतो. लूपच्या कॉर्नरच्या खालची प्रत्येक फ्रिक्वेन्सी अशी मारली जाते. आवाजाला त्याचं सोयरसुतक नाही. डीएमआरमध्ये मात्र एकाच बाजूचे सिम्बॉल लागोपाठ आले की पातळी मधल्या मधे शून्याकडे घसरते. यावरचा उपाय म्हणजे टू-पॉइंट मॉड्युलेशन: व्हीसीओबरोबर रेफरन्स ऑसिलेटरलाही तोच सिग्नल द्यायचा, म्हणजे पीएलएल ज्याच्याशी तुलना करतो तोच सोबत हलतो आणि त्याला दुरुस्त करायला काही उरत नाही.

तुमच्या सेटमध्ये ते आहे का, हे ओळखायची एक खूण: सेट डीसीएस (सीटीसीएसएसच्याच कामाचा, पण डिजिटल कोड) पाठवू शकतो का? डीसीएसचा डेटा सेकंदाला १३४.४ बिट अशा संथ गतीने जातो, त्यासाठी मॉड्युलेटर काही हर्ट्झपर्यंत सपाट लागतो. डीसीएस नीट पाठवणारा सेट बहुधा आपल्या कामाचा. फक्त सीटीसीएसएसपुरता सेट असेल तर जरा जपून.

आता मोजायचं कसं. सेटला डमी लोड लावा. शेजारी आरटीएल-एसडीआर डाँगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर), छोट्याशा तारेवर, केबलने जोडायचा नाही. एसडीआरच्या एफएम डीमॉड्युलेटरमध्ये डीएम्फसिस आणि सगळे ऑडिओ फिल्टर बंद करा. दुसऱ्या सेटच्या डिस्क्रिमिनेटरपेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण मध्ये कोणाचाही कपॅसिटर नसतो. पण एसडीआरच्या प्रोग्रामने स्वतःचा हाय-पास फिल्टर लपवून लावलेला नाही ना, हे एकदा एखाद्या चांगल्या डिजिटल हँडसेटवर पडताळून घ्या.

एमएमडीव्हीएमकॅलमध्ये डीएमआर लो फ्रिक्वेन्सी मोड आहे, तो ८० हर्ट्झची चौकोनी लहर पाठवतो. डीमॉड्युलेट केलेली ती लहर रेकॉर्ड करा, ऑडिओ एडिटरमध्ये उघडा आणि झूम करा. अर्धी लहर ६.२५ मिलिसेकंदांची. तिचा माथा सपाट असेल तर मॉड्युलेटर उत्तम. माथा डावीकडून उजवीकडे शून्याकडे उतरत असेल तर खालच्या फ्रिक्वेन्सी कमी पडताहेत. माथा उलट वर चढत गेला तर रेफरन्सच्या बाजूला जास्त दिलं गेलंय. आणि लहरीऐवजी नुसतेच काटे दिसत असतील, वर उडी आणि लगेच शून्य, तर टू-पॉइंट मॉड्युलेशन नाहीच किंवा मध्ये कुठेतरी ०.१ मायक्रोफॅरडचा तोच शत्रू बसलाय. त्याचा टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद, म्हणजे सव्वासहा मिलिसेकंदांत तो पूर्ण रिकामा होतो. १० मायक्रोफॅरडला तो १०० मिलिसेकंद होतो आणि माथ्याचा उतार सहा टक्क्यांच्या आसपास राहतो, तेवढा चालतो.

माथा सपाट करायला बहुतेक सेटमध्ये मॉड्युलेशन बॅलन्सचं ॲडजस्टमेंट असतं, जुन्यात प्रीसेट, नव्यात सर्व्हिस सॉफ्टवेअरमधला आकडा. हे डेव्हिएशनच्या आधी करायचं. उलट क्रमाने केलं की दोन्ही पुन्हा करावी लागतात.

मग डेव्हिएशन. एमएमडीव्हीएमकॅलचा डीएमआर डेव्हिएशन मोड १२०० हर्ट्झचा शुद्ध टोन पाठवतो आणि तो २.७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनला बसवायचा. १९४४ ऐवजी २७५० का, असा प्रश्न पडतो. बाहेरचे सिम्बॉल दोन वर, दोन खाली असे आलटून पालटून आले की फिल्टरमुळे टोनचा शिखरबिंदू १९४४ च्या वर्गमूळ दोन पट होतो, तेच २७५०. सर्व्हिस मॉनिटर असेल तर थेट वाचा. नसेल तर बेसेल नल वापरा: टोन १२०० हर्ट्झचा असताना कॅरियर पहिल्यांदा नाहीसा होतो तो २८८६ हर्ट्झ डेव्हिएशनला. लेव्हल अगदी खालून वाढवत न्या. एसडीआरच्या स्पेक्ट्रमवर मधला कॅरियर खाली खाली जात बुडेल. ती जागा पकडा आणि तिथून लेव्हल पाच टक्के कमी करा. कॅरियर पुन्हा थोडा डोकं वर काढेल, पण मॉड्युलेशन नसतानाच्या कॅरियरपेक्षा सुमारे २४-२५ डीबी खालीच राहील. म्हणजे तुम्ही २७५० वर आहात. कॅरियर बुडाला तिथेच थांबणारे बरेच जण कायम पाच टक्के जास्त डेव्हिएशनवर राहतात. त्याने रिपीटर बंद पडत नाही, पण दूरच्या स्टेशनला ते नडतं.

हेही टीएक्सलेव्हल ५० वर ठेवून बोर्डच्या प्रीसेटने करा. डीएमआर बसवला की बाकीचे मोड सहसा मागोमाग आपल्या जागी येतात. पी२५चा बाहेरचा सिम्बॉल १८०० हर्ट्झवर, एनएक्सडीएनच्या अरुंद प्रकारात १०५० वर, डी-स्टारचं डेव्हिएशन साधारण १.२ किलोहर्ट्झ, हे फरक फर्मवेअर सांभाळतं. एखादाच मोड अडला तर त्याची स्वतंत्र टक्केवारी हलवा, सामाईक लेव्हल नको.

दुसऱ्याची आयएनआय (सेटिंगची) फाइल जशीच्या तशी उतरवून घेण्याची सवय मात्र सोडा. त्यातले आकडे त्या माणसाच्या प्रीसेटच्या जागेला बांधलेले असतात, तुमच्या नाही.

पोलॅरिटी

यावर फार वेळ घालवू नका, दोन बाजू आणि दोन स्विच: टीएक्सइन्व्हर्ट आणि आरएक्सइन्व्हर्ट. चार जोड्या, चारही करून बघा. रिसीव्हरचा लोकल ऑसिलेटर सिग्नलच्या वर आहे की खाली, यावर डिस्क्रिमिनेटरची दिशा ठरते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन बँडच्या सेटमध्ये वेगळी उत्तरं येऊ शकतात.

एक गंमत माहीत असलेली बरी. डीएमआरमध्ये रिपीटरचा व्हॉइस सिंक आणि डेटा सिंक एकमेकांचे उलटे आहेत. सिंकमध्ये फक्त बाहेरचेच सिम्बॉल असतात, आणि प्रत्येकाचं चिन्ह बदललं की एकाचा दुसरा होतो. म्हणून उलट्या पोलॅरिटीतही समोरच्याला सिंक सापडल्यासारखा वाटतो, हिरवा दिवा लुकलुकतो, पण पुढचं काहीच जुळत नाही. ‘दिवा लागतो म्हणजे पोलॅरिटी बरोबर’ हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो.

बरं चाललेलं पुन्हा बिघडतं तेव्हा

वरचं सगळं नीट केल्यावरही काही रिपीटर ठरावीक वेळेला बिघडतात. तेव्हा बिघाडाच्या वेळेकडे बघा.

लांब गप्पा रंगल्या की मगच बीईआर चढतो? तापमान. मोबाइल सेट मधूनमधून बोलण्यासाठी बनवलेला असतो. रिपीटरमध्ये तो हँग टाइमसकट सलग ट्रान्समिट करत राहतो. ४३५ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम (दहा लाखांत एक) म्हणजे ४३५ हर्ट्झ. आतला सिम्बॉल ६४८ वर आणि बाहेरचा १९४४ वर, दोघांमधली सीमा १२९६ वर. म्हणजे ६४८ हर्ट्झ सरकलं की एक सिम्बॉल दुसरा वाटू लागतो. जुन्या सेटचा रेफरन्स दीड पीपीएम सरकणं यात काही नवल नाही. हँडसेट स्वतःचं केंद्र शोधून घेतो हे खरं, पण आयएफ फिल्टर त्याच्या जागेवरच असतो, आणि सरकलेल्या सिग्नलची एक बाजू फिल्टरच्या कडेला घासते. पॉवर निम्म्यावर आणा, हीटसिंकवर कायम फिरणारा पंखा बसवा आणि फ्रिक्वेन्सी सेट तापलेला असताना बसवा. सकाळी थंड सेटवर शून्य बसवून घरी गेलात की संध्याकाळी फोन येणारच.

रिपीटर ट्रान्समिट करत असतानाच रिसीव्ह बिघडतं? डिसेन्स, म्हणजे स्वतःच्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बधिर होणं. सिम्प्लेक्स बीईआर टेस्टला ०.१ टक्का, आणि डुप्लेक्समध्ये तोच हँडसेट त्याच जागेवरून दोन टक्के, असं असेल तर कॅलिब्रेशनला हात लावू नका. डुप्लेक्सर, जोडणीच्या केबल, पिगटेल, अर्थिंग. जोरदार सिग्नलवर फरक पडत नसेल आणि दुबळ्यावरच पडत असेल तर संशय अगदी पक्का. दोन सेटमधली साधी आरजी-५८ केबल काढून दुहेरी शील्डची लावली तेवढ्याने सुटलेली प्रकरणं कमी नाहीत. एमएमडीव्हीएम बोर्ड आणि पाय धातूच्या डब्यात ठेवा, पाच व्होल्टचा स्विचिंग कन्व्हर्टर रिसीव्हरपासून लांब.

सुरुवातीचे शब्द गायब, पुढे सगळं छान? टीएक्सडिले. पीएलएल लॉक होईपर्यंत आणि पीए (पॉवर ॲम्प्लिफायर) पूर्ण चढेपर्यंत पाठवलेला डेटा वाया जातो. १०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा, जुन्या सेटला आणखी लागतील.

बीईआर उत्तम, पण बोलणं भलत्याच स्लॉटमध्ये किंवा कुठेच नाही, असा प्रकार डीएसपीवर चालणाऱ्या नव्या कमर्शियल सेटमध्ये भेटतो. तिथे ऑडिओ आकड्यांत बदलून, फिल्टर होऊन पुन्हा बाहेर येतो, आणि या फेरीत काही मिलिसेकंद जातात. एमएमडीव्हीएम मात्र आपल्या ट्रान्समिटच्या घड्याळावर हँडसेटचा बर्स्ट अपेक्षित ठेवतो. त्यासाठी डीएमआरडिले आहे. एकेक वाढवत न्या आणि दोन्ही स्लॉटवर हँडसेट लावून बघा. त्याच वेळी बोर्डवरच्या क्रिस्टलकडेही नजर टाका. फर्मवेअर २४ किलोहर्ट्झने नमुने घेतं, ते घड्याळ टीसीएक्सओचं (तापमानाने फारसा न सरकणाऱ्या ऑसिलेटरचं) असावं, आणि फर्मवेअर बनवताना त्याची फ्रिक्वेन्सी कॉन्फिग फाइलमध्ये बरोबर लिहिलेली असावी. १२.२८८ मेगाहर्ट्झचा टीसीएक्सओ लावून फाइलमध्ये १२ लिहिलेलं राहिलं तर सिम्बॉलचा वेग दोन टक्क्यांहून जास्त चुकतो आणि मग कुठलाच हँडसेट या रिपीटरला ओळख देत नाही, ८० हर्ट्झची लहर कितीही देखणी दिसली तरी.

आणि चौकोनी लहरीऐवजी काटेच दिसताहेत, कपॅसिटर बदलून झाले, रेफरन्स ऑसिलेटरला मॉड्युलेशनची पिनच नाही, असा सेट हाती आला तर तो ट्रान्समिटला वापरू नका. त्याचा रिसीव्हर चांगला असेल तर रिसीव्हला घ्या, ट्रान्समिटला दुसरा शोधा.